दुसरी बॅटरी, फ्लॅश, हूड: कंपनीचेच घ्यायचे की बाहेरचे? नागपुरात सल्ला हवा

मानेवाडा_क्लिक

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका दादांकडून कॅनन ८०डी आणि १८-१३५ यूएसएम लेन्स सेकंडहँड घेतली. सोबत कंपनीची, म्हणजे कॅननचीच, एक बॅटरी, चार्जर आणि एक बिननावाची करड्या रंगाची बॅटरी मिळाली. कंपनीच्या बॅटरीला मेनूत बॅटरीची प्रकृती दाखवणारे तीनपैकी दोनच चौकोन हिरवे दिसतात. करडी चालते, पण आत टाकताना जराशी अडकते.

पोळा तोंडावर आला आहे. यंदा मारबतीची (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक नीट टिपायची आहे, आणि नोव्हेंबरात चुलतबहिणीचे लग्न आहे, त्याचे फोटो माझ्याकडेच आहेत. बजेट पंधरा हजार. हवे आहे ते असे: दुसरी बॅटरी, फ्लॅश, हूड (लेन्सच्या तोंडावरचा आडोसा), यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची काच), मेमरी कार्ड आणि जमलेच तर वायरवाला रिमोट.

काल बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) तीन दुकाने फिरलो. पहिल्याने सांगितले, कंपनीचेच घ्या, नाहीतर कॅमेरा जाईल. दुसऱ्याने काउंटरवर चार बॅटऱ्या मांडल्या अन् म्हणाला, सगळ्या सारख्याच, वरचे स्टिकर तेवढे वेगळे. तिसऱ्याकडे कंपनीचे नाव असलेली बॅटरी निम्म्या भावात होती. डोके चालेनासे झाले. सगळे कंपनीचे घेतले तर पंधरा हजारांत फ्लॅशसुद्धा बसत नाही. कुठे पैसा घालू आणि कुठे वाचवू?

इतवारी_वजनकाटा

भाऊ, तिसऱ्या दुकानातली निम्म्या भावाची आधी विसरून जा. कंपनीचे नाव आणि अर्धा भाव, म्हणजे बहुतेक नकलीच.

आमचे घर सराफ्यात आहे. मी अशीच एक घेतली होती. शंका आली म्हणून शेजारच्या काकांच्या सोन्याच्या काट्यावर ठेवली. ८०डीची कॅननची बॅटरी, एलपी-ई६एन, साधारण ८० ग्रॅमची असते, ही भरली ६१. लेबल, होलोग्राम, अक्षरे सगळे हुबेहूब होते. वजनाची नक्कल तेवढी जमली नव्हती.

गोरेवाडा_पहाट

मानेवाडावाले दादा, बाकी यादी नंतर बघू. ती अडकणारी करडी बॅटरी आजपासून वापरू नका. चार्जरला तर अजिबात लावू नका. टेबलावर सपाट ठेवून एका बोटाने कोपरा दाबून बघा. डुगडुगली तर ती फुगली आहे.

हे एवढ्या जोरात सांगते कारण माझ्यावर गुजरले आहे. मी अठरा वर्षे लग्नाची कामे करते, आणि सुटीत पक्ष्यांमागे हिंडते. एका मे महिन्यात उमरेड-कऱ्हांडल्याला गेलो होतो. पारा ४५च्या वर, बॅग जिप्सीच्या सीटवर, उन्हात. कॅमेऱ्यात बाहेरची स्वस्तातली बॅटरी होती. परतीच्या वाटेवर ती बदलायला झाकण उघडले, खटका सोडला, तर बॅटरी वर येईचना. नखाने ओढली, चिमट्याने ओढली. शेवटी कारागिराकडे खालचा भाग उघडावा लागला, त्यात खटका तुटला. त्या दुरुस्तीच्या पैशात कंपनीच्या दोन बॅटऱ्या आल्या असत्या. तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना मी एकच गोष्ट विचारते: ही बिघडली तर एकटीच जाईल, की सोबत आणखी काही घेऊन जाईल?

हूड बिघडला तर काय होईल? तुटेल. तो प्लास्टिकचा गोल आहे. तुमच्या लेन्सला ईडब्ल्यू-७३डी हा हूड बसतो. कॅनन आपल्या महागड्या एल लेन्ससोबत हूड देते, बाकीच्यांसोबत देत नाही. बाहेरचा डोळे मिटून घ्या, पण दुकानातच लेन्सवर फिरवून बघा. शेवटी खटकन बसायला पाहिजे. सैल असेल तर तिरका होतो आणि वाइडला फोटोचे कोपरे काळे येतात.

वायरवाल्या रिमोटचेही तसेच. ८०डीला आरएस-६०ई३ चालतो. त्याची पिन २.५ मिलिमीटरची साधी असते आणि आत नुसते दोन टप्प्यांचे बटण. बाहेरचा घ्या.

यूव्ही फिल्टरबद्दल माझे मत ऐकाल तर घेऊच नका. डिजिटल सेन्सरच्या पुढे त्याची स्वतःची गाळणी असतेच, त्यामुळे यूव्हीसाठी म्हणून त्याची गरज नाही. आणि स्वस्त काच लावली की लग्नात मांडवाच्या माळेतला एकेक दिवा फोटोत दुसरीकडे हिरव्या ठिपक्यासारखा उमटतो. वधूची ओंजळ आणि तिच्यावर असे तीन ठिपके, हे मी डिलीट करत बसले आहे. मारबतीच्या गर्दीत, रंगात, पावसात काच सांभाळायला लावायचा असेल तर ६७ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना मल्टिकोटिंग (चकाकी अडवणारा लेप) असलेला होया किंवा बी प्लस डब्ल्यूचा घ्या, आणि लग्नात काढून ठेवा. आता हे दोघेही कॅमेरे बनवत नाहीत, बरं का. फिल्टरमध्ये बाहेरच्याच कंपन्या मुरलेल्या आहेत. म्हणून "कंपनीचे की बाहेरचे" हा प्रश्न प्रत्येक वस्तूला वेगळा विचारावा लागतो.

आता बॅटरी. ती कॅमेऱ्याच्या पोटात बसते, तिच्यात दोन लिथियम सेल असतात, आणि वर आपला उन्हाळा. ८०डीच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ० ते ४० अंश दिले आहे. विदर्भात आपण एप्रिलपासूनच त्याच्या पलीकडे असतो. तुमच्याकडची कंपनीची दोन चौकोनांवर आली आहे, म्हणजे अजून काम देईल. पण नवी घ्याल ती कंपनीचीच घ्या, बिलासकट.

सदर_स्टुडिओ

ताईंचे बाकी सगळे पटते, बॅटरीवर थोडे वेगळे सांगतो. माझ्याकडे एका नावाजलेल्या बाहेरच्या ब्रँडच्या दोन बॅटऱ्या चार वर्षे चालून राहिल्या आहेत. फुगल्या नाहीत. क्षमता थोडी कमी झाली, तेवढी तर कंपनीचीही होते. बाहेरचे म्हणजे सगळे एका माळेचे मणी नाहीत. स्वतःच्या नावाने विकणारा, वॉरंटी देणारा उत्पादक वेगळा, आणि दुसऱ्याचे नाव छापणारा वेगळा.

ओळखायचे कसे, तर आकड्यावरून. बॅटरीत किती वीज मावते ते एमएएचमध्ये लिहितात. कॅननची पहिली एलपी-ई६ १८०० एमएएचची होती. २०१४ची एलपी-ई६एन १८६५ची आणि २०२०ची एलपी-ई६एनएच २१३०ची. मूळ कंपनीला त्याच डबीत एवढी वाढ करायला डझनभर वर्षे लागली. मग त्याच डबीवर कोणी स्वस्तात २८०० लिहून विकत असेल तर तो खोटे बोलून राहिला आहे, आणि जो आकड्यात खोटे बोलतो तो आतल्या संरक्षक सर्किटमध्येही वाचवणारच.

दुसरे, अशा बॅटऱ्यांना आपल्याकडे बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १६०४६ आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचे काम आहे.

गोरेवाडा_पहाट

सदरवाले भाऊ, मान्य. चांगल्या ब्रँडची असेल तर घरच्या आणि फिरण्याच्या कामाला चालेल. लग्नात मी तरी ठेवणार नाही. मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत.

मानेवाडा_क्लिक

ताई, करडी टेबलावर ठेवली. भोवऱ्यासारखी फिरली. लगेच बाजूला काढली आहे. मनापासून आभार, मी उद्या तीच घेऊन अंबाझरीला जाणार होतो.

फ्लॅशचे सांगाल का कोणी? कंपनीचा फ्लॅश घेतला तर बाकी काहीच येत नाही. काकांकडे त्यांच्या रोलच्या कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश आहे, पेटतो अजून. तो लावून लग्न काढता येईल का?

सदर_स्टुडिओ

काकांचा फ्लॅश हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) चढवू नका. रोलच्या जमान्यातल्या काही फ्लॅशच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, आणि आताच्या कॅमेऱ्यांची सर्किटे नाजूक असतात. काकांना आठवण म्हणून जपून ठेवू द्या.

फ्लॅशमध्ये मी बिनधास्त बाहेरचा घ्या म्हणतो. आज नागपुरातल्या लग्नांत जाऊन बघा, दर दुसऱ्या कॅमेऱ्यावर गोडॉक्स कंपनीचा फ्लॅश दिसेल. टीटी६०० स्वस्त आहे, पण कॅमेऱ्यावर लावला की पूर्ण मॅन्युअल. उजेड प्रत्येक वेळी हाताने कमी-जास्त करायचा. वरात मांडवातून अंगणात आली, नवरी आतून ओट्यावर आली, की अंतर बदलते आणि नवशिक्याचा हात मागे पडतो. म्हणून टीटी६८५चा कॅननवाला प्रकार घ्या. त्यात कॅननचे ई-टीटीएल चालते, म्हणजे उजेडाचा हिशेब कॅमेरा करतो. खोका उघडून 'सी' लिहिलेले आहे का ते बघा, कारण निकॉनचा आणि सोनीचा वेगळा येतो. पुढे ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला इशारा देणारे यंत्र) घेतला की हाच फ्लॅश रेडिओवर स्टँडवरूनही चालतो.

फ्लॅशमध्ये पैसे वाचतील, त्यातले थोडे सेलवर घाला. चार एए लागतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे दोन संच ठेवा. साधे सेल घातले तर हार घालताना एक चमक पडते आणि दुसरीला फ्लॅश भरतच बसतो.

इतवारी_वजनकाटा

कार्डाचे राहिले. कार्ड कॅमेऱ्याच्या कंपनीचे घ्यायची गरजच नाही, पण नकली सगळ्यात जास्त त्यातच आहे. ८०डीत एकच खण आहे आणि तो यूएचएस-१ या वेगाच्या प्रकाराचा, म्हणून त्यापुढचे महागडे यूएचएस-२ घेऊन वेग मिळणार नाही. व्ही३० (वेगाची खूण) लिहिलेले ६४ जीबीचे दोन घ्या, १२८चे एक घेऊ नका. एक गेले तरी अर्धे लग्न हातात राहील. घरी आल्या आल्या संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासायचा प्रोग्राम चालवा. ते कार्ड काठोकाठ भरते आणि परत वाचून बघते. नकली कार्ड ६४ सांगते आणि आठ-दहा जीबीनंतर वरचेवर लिहीत सुटते. फोटो दिसतात, उघडत नाहीत. हे लग्नानंतर कळून उपयोग नाही.

मानेवाडा_क्लिक

झाली खरेदी. बॅटरी कंपनीची एलपी-ई६एनएच घेतली, अधिकृत विक्रेत्याकडून, बिल आणि वॉरंटीकार्डासह. ती ८०डीत चालते हे आधी विचारून घेतले. फ्लॅश गोडॉक्सचा टीटी६८५, 'सी' बघून. हूड आणि रिमोट बाहेरचे. हूड दोन दुकानांत सैल निघाला, तिसऱ्यात खटकन बसला. फिल्टर घेतला नाही, मारबतीला हूड आणि वर शॉवर कॅप लावून जाईन. कार्डे दोन, दोन्ही तपासली, पास झाली. सेल धरून बजेटच्या बाराशे रुपये वर गेलो, रिमोट थांबवता आला असता.

एक विचारायचे राहिले. ती करडी बॅटरी गॅलरीत स्टीलच्या डब्यात ठेवली आहे. आई म्हणते कचऱ्याच्या गाडीत टाकून दे.

गोरेवाडा_पहाट

कचऱ्याच्या गाडीत नका टाकू दादा. गाडीत कचरा दाबला जातो. फुगलेला सेल दबला की पेट घेतो, आणि गाडीवर माणसे असतात. टोचू नका, सपाट करायला दाबू नका. आधी तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, मग स्टीलच्या डब्यातून काढून कोरड्या रेतीच्या मडक्यात ठेवा, सावलीत, घरापासून जरा दूर. २०२२च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर ती देता येते. शनिवारी माझ्याकडच्या तीन जुन्या मी देणार आहे. मानेवाड्यावरून जाताना तुमचीही घेऊन जाईन, मडक्यासकट आणा.