वार खाली, आधीचं सिझर: दुसरं मत घ्यायचं तर डॉक्टरांना सांगू कसं?

दुसरीखेप:
३१वा आठवडा चालू आहे. पहिलं सिझर. विसाव्या आठवड्यात वार (प्लॅसेंटा) खाली दिसली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, वर सरकेल. परवाच्या सोनोग्राफीतही ती तिथेच, गर्भाशयाच्या तोंडावर, समोरच्या बाजूने. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: अ‍ॅक्रीटाची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे वार गर्भाशयात खोल रुजलेली असू शकते. त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "३७व्या आठवड्यात सिझर करू, काळजी नको." नेमकी तेव्हापासून झोप उडाली आहे.

पहिल्या खेपेपासून त्याच बघतात, माणूस म्हणून फार चांगल्या. नवरा म्हणतो, न सांगता दुसरीकडे दाखवून येऊ. सासूबाईंच्या मते चार डॉक्टर चार गोष्टी सांगतील आणि मी वेडी होईन. काय करू?

कडेलोट:
लपवाछपवी नको. माझंही असंच होतं. मी सरळ म्हटलं, "मॅडम, बाळंतपण तुमच्याकडेच करायचंय, फक्त या एका ओळीची खात्री करून घेते. चिठ्ठी द्याल का?" त्यांनी लगेच दिली, वर ओळखीच्या फीटल मेडिसिनवाल्या (पोटातल्या बाळाच्या तपासणीतल्या तज्ज्ञ) डॉक्टरांना फोनही केला. जाताना सगळे रिपोर्ट आणि आधीच्या सिझरची ऑपरेशन नोट न्या. डिस्चार्ज कार्डावर ती सगळी नसते, मागून घ्यावी लागते.

प्रोबवाली:
मी सोनोलॉजिस्ट आहे. चिठ्ठी मागाच, पण "तुमच्याकडेच" असा शब्द आत्ताच देऊ नका. कारण सांगते.

वार स्वतः सरकत नाही, गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो म्हणून ती वर गेल्यासारखी दिसते. तुमची ३१व्या आठवड्यातही तोंडावरच आहे आणि समोर आहे, म्हणजे जुन्या टाक्यांच्या जागी. तिथे ती खोल रुजली असेल तर सुटत नाही, रक्तस्राव प्रचंड होतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वार तोंडावर आणि आधी एक सिझर अशा बायकांपैकी सुमारे ११ टक्क्यांना हे आढळलं. म्हणजे बहुतेकींना नसतं. पण असेल तर सिझर साधारण ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ठरवतात, ३७ची वाट बघत नाहीत. शिवाय ते अशाच ठिकाणी करतात जिथे रक्तपेढी, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि गरज पडली तर गर्भाशय काढू शकणारी टीम हाताशी असते. म्हणून मत याच आठवड्यात घ्या.

तपासणी योनीमार्गातूनही करतील. घाबरू नका, वार खाली असतानाही ती सुरक्षित आहे आणि पोटावरूनच्यापेक्षा नेमकी. मूत्राशय थोडं भरलेलं ठेवा. ते आणि गर्भाशय यांच्यामधली रेघ सलग आहे की तुटलेली, ते बघायचं असतं. एमआरआय प्रत्येकीला लागतो असं नाही.

साधासरळ:
सासूबाईंचं अगदीच चूक नाही हं. माझ्या बहिणीने तीन ठिकाणी दाखवलं आणि शेवटी कुणाचंच ऐकेना. एकच मत घ्या, पण यातल्या जाणकाराचं. आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या, मध्ये तुम्ही निरोप्या होऊ नका.

कडेलोट:
राहिलंच. रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तिथे आधी तेच सांगा, अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं.

दुसरीखेप:
सगळ्यांचे आभार. आज विचारलं. डॉक्टर क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मीच पाठवणार होते." खरं-खोटं देव जाणे, पण चिठ्ठी मिळाली. गुरुवारची वेळ आहे. ऑपरेशन नोटसाठी नवऱ्याला पिटाळलंय. प्रोबवाली ताई, मूत्राशय थोडं भरलेलं म्हणजे किती पाणी प्यायचं?

प्रोबवाली:
ढसाढसा नको. तासभर आधी एक-दोन ग्लास प्या आणि मग लघवीला जाऊ नका, एवढं बस. फार तुंबलं तर तुम्हीही कळवळाल आणि आम्हालाही नीट दिसत नाही.