गुडघा निखळल्यावर पाय का कापावा लागला?

प्रश्न:
माझ्या मावसभावाचा दुचाकीवर अपघात होऊन डावा गुडघा निखळला. पहिल्या दवाखान्यात गुडघा बसवून प्लास्टर घातले आणि त्याला रात्रभर तिथेच ठेवले. सकाळी पाऊल गार व पांढुरके पडलेले दिसले, तोवर चौदा तास उलटले होते. मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिनी जोडूनही पाचव्या दिवशी पाय मांडीतून कापावा लागला. हाड मोडले नव्हते, रक्तही वाहिले नव्हते. मग असे का झाले, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद १ (रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक):
गुडघ्यामागची पॉप्लिटिअल धमनी वर आणि खाली जखडलेली असते. त्यामुळे सांधा निखळताना ती ताणली जाते, तिचे आतले अस्तर फाटते आणि तिथे गुठळी धरते. म्हणूनच बाहेर रक्त दिसत नाही. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या पोटरीला पुरे पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-इजांचा आढावा डिबेकी आणि सिमिऑन या शल्यचिकित्सकांनी १९४६ मध्ये मांडला, त्यात या धमनीला इजा झालेल्या सुमारे ७३ टक्के जणांचा पाय गेला होता. त्या काळी धमनी बहुधा बांधून टाकत. कोरियन युद्धात ती जोडू लागल्यावर सर्व धमन्यांच्या इजा मिळून हात किंवा पाय गमावण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले.

मात्र जोडणी वेळेत व्हावी लागते, कारण रक्ताविना स्नायू साधारण सहा तासच तग धरतात. चाकूच्या वारापेक्षा मुका मार अधिक घातक, कारण त्यात स्नायू, नसा आणि शिराही चिरडतात. सोबत अस्थिभंग किंवा रक्तदाब घसरलेला असेल, तर धोका आणखी वाढतो.

प्रतिसाद २ (अस्थिरोगतज्ज्ञ):
निखळलेला गुडघा जागेवर बसला, की सारे ठीक झाले असे वाटते, आणि घात तिथेच होतो. पावलाची नाडी लागली तरी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहावा. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आले, तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्र दाखवणारी तपासणी) करावी. पाय प्लास्टरने पूर्ण झाकला, तर सूज आणि रंग दोन्ही नजरेआड होतात.

प्रश्नकर्ता:
कागदपत्रांत दुसऱ्या दिवशी फॅशिओटॉमी केल्याची नोंद आहे. तिचा यात काय संबंध?

प्रतिसाद १ (पुन्हा):
फॅशिओटॉमी म्हणजे स्नायूंभोवतीचे घट्ट आवरण चिरून त्यांचे कप्पे उघडणे. रक्त परतल्यावर पोटरी सुजते, पण तिच्या स्नायूंचे हे चार कप्पे ताणले जात नाहीत. आतला दाब वाढून स्नायू पुन्हा उपाशी राहतात. इतक्या उशिराच्या रुग्णात हे कप्पे धमनी जोडतानाच उघडलेले बरे. स्नायू मेल्यानंतर ते उघडले, तर जंतुसंसर्गाला वाट मिळते आणि मग जीव वाचवण्यासाठी पाय काढावा लागतो. आपल्या भावाबाबत नेमके काय घडले, हे शस्त्रक्रियेची टिपणे पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. ती मागून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.