लंचबॉक्समधला संवाद: इला-साजनच ठेवू की जोडी बदलू?

कोथिंबीर_जुडी
नमस्कार मंडळी, मी मास मीडियाला आहे, एसवायला. एका पेपरसाठी कुठलाही सिनेमा घेऊन त्यातल्या दोन पात्रांचं बोलणं कसं बदलत जातं यावर लिहायचंय. मी 'द लंचबॉक्स' घेतलाय, रितेश बत्राचा, 2013 चा, आणि जोडी अर्थात इला-साजन. इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून साजनकडे जातो आणि त्याच डब्यातून दोघांच्या चिठ्ठ्या सुरू होतात. थिअरी ऑल्टमन-टेलरची, 1973 ची सोशल पेनिट्रेशन, म्हणजे आधी वरवरचं बोलणं, मग हळूहळू खासगी. फिट बसतेय असं मला वाटत होतं, कारण साजनची पहिली चिठ्ठी म्हणजे जेवणात मीठ फार होतं, बास, साधं थँक्यूही नाही, आणि तोच माणूस पुढे वारलेल्या बायकोने टेप करून ठेवलेल्या जुन्या सिरियल्स बघत बसतो हे लिहून कळवतो. पण सर म्हणाले ते दोघं एकदाही समोरासमोर बोलत नाहीत, मग याला इंटरपर्सनल, म्हणजे माणसामाणसातला संवाद, कसं म्हणायचं? सबमिशन सोमवारी आहे. जोडी बदलू का?

रात्रपाळी
अजिबात बदलू नकोस, उलट सरांनी तुला मुद्दाच काढून दिलाय. जोसेफ वॉल्थरचं हायपरपर्सनल मॉडेल बघ, 1996 चं. तो कॉम्प्युटरवरच्या मेसेजबद्दल बोलतोय पण इथे चिठ्ठीला जसंच्या तसं लागू होतं. त्याचं म्हणणं असं की समोर नसलेली माणसं कधी कधी समोर असलेल्यांपेक्षा जास्त जवळ येतात, कारण लिहिणाऱ्याला काय सांगायचं काय गाळायचं हे निवडता येतं आणि वाचणारा मधल्या रिकाम्या जागा आपल्या मनासारख्या भरून घेतो. आणि वेळ मिळतो हा मोठा भाग आहे. सकाळी डबा जातो, उत्तर दुपारी रिकाम्या डब्यातून परत येतं, म्हणजे दिवसाला प्रत्येकी एकच पाळी, कोणी कोणाला मध्येच तोडत नाही. नवऱ्याशी जेवताना इलाला हे एकदा तरी मिळतं का? तो जेवतो आणि लक्ष भलतीकडेच.

आत्याबाई
सहमत, पण नवऱ्याला असा एका ओळीत उरकू नका हो. मला तर वाटतं ती जोडी जास्त लिहिण्यासारखी आहे. तो घरी येऊन डब्यातल्या फ्लॉवरबद्दल काहीतरी बोलतो, तिने फ्लॉवर केलेलाच नसतो, तिथेच तिला कळतं की आपला डबा दुसऱ्याच कोणाकडे गेला. आता कुठलीही बाई म्हणेल अहो डबा बदलला वाटतं. ती गप्प राहते! हे न सांगणं म्हणजे संवादच आहे ना, त्या घरात काय उरलंय ते तेवढ्यावरनं समजतं. पुढे बाहेरचं प्रकरण कळतं तेही शर्टाच्या वासावरून, कोणी तोंड उघडतच नाही.
आणि इलाच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीला विसरू नकोस गं. सबंध सिनेमात दिसत नाही, नुसता भारती आचरेकरांचा आवाज आणि दोरीने खाली सोडलेली टोपली. म्हणजे या दोघीही समोर नाहीत, पण तिथे चिठ्ठीसारखा विचार करायला वेळ नाही, खिडकीतून ओरडायचं आणि लगेच उत्तर. इलाच्या भाजीत काय कमी आहे ते आंटी वासावरून सांगते, साजनच्या मिठाच्या तक्रारीवर मिरच्या टोपलीतून पाठवते. आता सरांना विचार, हे समोरासमोर धरायचं की नाही.

खिडकीजवळचा
सरांना समोरासमोरच हवं असेल तर साजन-शेख घे ना, इरफान आणि नवाजुद्दीन. ऑफिसमध्ये शेख साजनचं काम शिकायला येतो आणि साजन त्याला टाळत राहतो, नंतर या, मग बघू. मग डब्यातलं थोडं त्याला देतो, आणि शेवटी शेखच्या लग्नात त्याच्याकडचा घरचा माणूस म्हणून हाच उभा. पायऱ्या दाखवायच्या तर इथे जास्त स्वच्छ दिसतात. माझा आवडता भाग वेगळाच आहे, शेख दर वाक्याला अम्मी म्हणायची, अम्मी म्हणायची करतो आणि साजन आठवण करून देतो की तू तर अनाथ ना, तर हा म्हणतो अम्मीचं नाव घेतलं की बोलण्याला वजन येतं. आपलं म्हणणं ऐकलं जावं म्हणून माणूस काय काय करतो, यावर दोन पानं आरामात होतील.

फोडणी_करपली
मी जरा उलट बोलणार. चिठ्ठ्यांचं एवढं कौतुक चाललंय, पण इला नवऱ्याचं लिहिते तेव्हा साजन काय सुचवतो? दुसरं मूल होऊ द्या, कधी कधी उपयोग होतो. अरे बाबा, तुला तिने लिहिलं तेवढंच माहीत, त्या घरात तू बसला आहेस का? वॉल्थरची रिकामी जागा मनासारखी भरायची म्हणतात ती हीच, फक्त इथे ती चुकीची भरली.
आणि कॅफेचं घ्या. दोघांचं तिथे भेटायचं ठरतं, ती वाट बघत बसते, हा येतो, लांबून बघतो आणि जात नाही. त्याला तिची माहिती मिळाली, तिला काहीच नाही. आपण म्हातारे झालो हे त्याचं त्यानेच ठरवलं, तिला विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती डबा रिकामा पाठवते, एक शब्द नाही, आणि माझ्या मते सबंध सिनेमातला सगळ्यात स्पष्ट निरोप तो आहे. त्यानंतर तो कारण लिहितो, चांगलं लिहितो, पण उशिरा.

रात्रपाळी
@फोडणी_करपली कॅफेचं मान्य. पण उशिरा म्हणून ते खोटं नाही ठरत. समोर गेला असता तर एवढं बोलला असता असं वाटत नाही, हा माणूस ऑफिसमध्ये कोणाशी धड बोलत नाही.

फोडणी_करपली
मग तेच लिहू दे की तिला, की चिठ्ठीने त्याला बोलता केलं आणि चिठ्ठीनेच लपायला जागाही दिली.

कोथिंबीर_जुडी
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. जोडी इला-साजनच ठेवते. ऑल्टमन-टेलर मिठाच्या चिठ्ठीपासून कॅफेच्या आधीपर्यंत, पुढे वॉल्थर, आणि दुसऱ्या मुलाचा सल्ला व रिकामा डबा तिथेच घेते, कारण ऑल्टमन-टेलरच्या पायऱ्या तिथे मला लावता येत नाहीयेत. राजीव, म्हणजे इलाचा नवरा, तुलनेला एका परिच्छेदात. शेख वर्गातल्या एकाने आधीच घेतलाय :(

आत्याबाई
एका परिच्छेदात राजीव! बरं, निदान फ्लॉवर तरी घाल त्यात. आणि थिअरी आधी चिकटवू नकोस, आधी प्रसंग लिही, कोण बोललं, कोण गप्प बसलं, कोणी काय पाठवलं, मग नावं दे.