मदत हवी आहे: मायक्रोफायबर टॉवेल पाणी ओढत नाहीत

गाडी काळी, पाणी बोअरचं आणि जड. धुतल्यावर लगेच पुसलं नाही तर पांढरे डाग बसतात. म्हणून सहा महिन्यांपूर्वी ८०० जीएसएमचे (चौरस मीटरला ८०० ग्रॅम, म्हणजे जाडजूड) दोन टॉवेल घेतले, ८०-२० पॉलिएस्टर-पॉलिअमाइडचे. आता ते पाणी शोषण्याऐवजी नुसतं पसरवतात, हाताला खरखरीत लागतात.

चूक कळली आहे. घरात दोन-तीनदा सुती कपड्यांबरोबर मशीनला लागले, वर फॅब्रिक कंडिशनरही पडलं! नंतर मी कोमट पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट घालून वेगळे धुतले, दोनदा खळबळले, सावलीत वाळवले. चिकटलेले सुती धागे बरेच निघाले, खरखर तशीच. चाकांना जुनी फडकी वापरतो, त्यामुळे ब्रेकची धूळ यांना लागलेली नाही.

पांढरं व्हिनेगर घालावं म्हणतात. दहा लिटरच्या बादलीला किती आणि किती वेळ भिजवायचं? नळाचं पाणी सकाळी तासभर येतं, शेवटचं खळबळणं त्यात जमेल. (आरओचं वाया जाणारं पाणी सुचवू नका, ते आणखी जड असतं.)

आणि हे टॉवेल पुन्हा काळ्या पेंटवर फिरवण्यालायक झालेत की इंजिनच्या कामाला काढायचे, हे ओरखडे पडायच्या आधी घरी कसं तपासायचं?