मदत हवी आहे: वाटीभर डाळ, कडक भाकऱ्या आणि आंबट ताक, सोमवारपर्यंत निभावायचे आहे

रिकामा_डबा (शुक्रवार, सायंकाळी ७.१०)
नमस्कार. सोमवारपर्यंत बाजारातून काहीही आणायचे नाही असे ठरले आहे; कारणे कृपया विचारू नयेत. घरात तुरीची डाळ जेमतेम एक वाटी, कणीक दीड किलोच्या आसपास, हुलग्याचे पीठ दोन वाट्या, थोडे तांदूळ आणि कालच्या ज्वारीच्या चार भाकऱ्या आहेत, ज्या आता इतक्या कडक झाल्या आहेत की ताटात टाकल्या तर आवाज येतो. तांब्याभर ताक आहे, पण ते फार आंबट झाले आहे. पोळी आणि पिठले सोडून काहीतरी सुचवावे, कारण पिठले परवा आणि काल असे दोन्ही दिवस झाले. मुले साडेआठला जेवायला बसतात.

पाटावरवंटा (७.१८)
खाणारी माणसे किती, मुले केवढी, कांदालसूण चालतो का आणि तेल कितपत आहे, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. यादीत मिठाचाही उल्लेख नाही, पण ते असेल असे धरून चालते.

रिकामा_डबा (७.२२)
चार माणसे, दोन मोठी आणि दोन लहान. कांदे तीन आहेत, लसूण आहे, फोडणीपुरते तेल आहे. मीठ अर्थातच आहे.

सोलापुरी_कडक (७.२९)
कडक भाकरी ही अडचण कशी असू शकते, हे आम्हा सोलापूरकरांना कळणार नाही, कारण आमच्याकडे ती मुद्दाम कडक करून बाजारात विकतात आणि लोक विकत घेतात. भाकऱ्या हाताने मोडून चुरा करावा, त्यावर आंबट ताकाचा हबका मारून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि मग मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, भरपूर कांदा व लसूण यांच्या फोडणीवर परतावे. ताक ओतू नये, शिंपडावेच. पोळीच्या कुस्कऱ्याला जे पाणी सोसते ते भाकरीला सोसत नाही, कारण ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि चमचाभर जास्त झाले तरी लगदा होतो. चार भाकऱ्यांत चौघांचे आजचे निभेल, वरून दाण्याचे कूट असेल तर उत्तमच.

वऱ्हाडी_ठसका (७.४०)
भाकऱ्या राहू द्याव्यात, दीड किलो कणीक असताना चिंता कसली? उकडपेंडी करावी. कणीक कोरडीच मंद आंचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावी, कांद्याच्या फोडणीत घालावी, आंबट ताकात थोडे पाणी मिसळून ते हळूहळू शिंपडत मोकळी करावी आणि झाकण ठेवून वाफ आणावी. ताकही संपते आणि पोटही भरते.

लातूरची_लेक (७.४६)
वाटीभर डाळ आहे ना, मग अर्धी आज भिजत घालून उद्या वरणफळे करावीत. वरण नेहमीपेक्षा बरेच पातळ करून त्याला लसूण, तिखट, आमसूल आणि गुळाचा खडा घालावा. कणकेत ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट भिजवावी, पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत आणि वरणाला खळखळून उकळी असताना एकेक करून सोडावेत, एकदम ओतले तर सगळ्यांचा एकच गोळा होतो. आठदहा मिनिटांत फळे शिजतात. अर्ध्या वाटी डाळीत चार माणसे जेवतात, वेगळा भात लागत नाही, पोळी लागत नाही.

सोलापुरी_कडक (७.५१)
याला चकोल्या म्हणतात.

लातूरची_लेक (७.५३)
आमच्या घरी तीन पिढ्या याला वरणफळेच म्हणतात, आणि आपण सांगितले म्हणून उद्यापासून नाव बदलेल असे मला वाटत नाही.

रिकामा_डबा (७.५५)
नावाचा वाद नंतर करता येईल का? डाळ शिजवणे, कणीक मंद आंचेवर भाजणे, दहा मिनिटे उकळणे हे काहीही जमणार नाही.

नगरी_चव (७.५८)
हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे कोणीच कसे सुचवले नाहीत? लसणाच्या झणझणीत पाण्यात अर्धा तास उकळत ठेवले की

रिकामा_डबा (७.५९)
अर्धा तास तर मुळीच नाही.

पाटावरवंटा (८.०१)
दादा, आता कारण सांगावेच लागेल, नाहीतर आम्ही अंधारात दगड मारत राहू.

रिकामा_डबा (८.०४)
गॅस संपत आला आहे. ज्योत परवापासून बारीक झाली आहे, दुसरा सिलिंडर आणि पगार दोन्ही सोमवारी येणार आहेत, आणि हे चारचौघांत लिहायचे नव्हते.

एक_वाचक (८.०६)
सिलिंडर आडवा करून ठेवावा, तळाचा गॅस वर येतो.

शिट्टी_मोजणारा (८.०९)
असे कदापि करू नये. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि आडवा केल्यास तो द्रव रेग्युलेटरमधून नळीत येऊ शकतो, जे अत्यंत धोकादायक आहे. सिलिंडर उभाच ठेवावा. त्याच्यावर रिकाम्या सिलिंडरचे वजन छापलेले असते. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करून, रेग्युलेटर काढून सिलिंडर घरातल्या वजनकाट्यावर उभा ठेवावा आणि आलेल्या वजनातून छापील आकडा वजा करावा, म्हणजे आत किती उरला ते कळेल. भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. डाळीचे म्हणाल तर ती अर्धा तास भिजवून कुकरमध्ये खाली डाळ, वर तांदूळ असे दोन डबे लावावेत. आत तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. भिजलेल्या डाळीला दोनतीन शिट्ट्या पुरतात, पुढचे काम आतली वाफ करते. झाकण उघडण्याची घाई करू नये.

कडधान्य_प्रेमी (८.१३)
डाळ उरणार असेल तर तिला एरंडेलाचा हात लावून उन्हात वाळवावी, म्हणजे पोरकिडे होत नाहीत.

लातूरची_लेक (८.१५)
एक वाटी डाळ सोमवारपर्यंत पोरकिड्यांच्या हाती लागेल, असे आपल्याला खरोखर वाटते का?

पाटावरवंटा (८.१७)
ज्योत बारीक झाली म्हणजे गॅसच संपला असे नसते. परवा पिठले करताना ते उतू गेले होते का?

रिकामा_डबा (८.४८)
उतू गेले होते, आणि ते इथे लिहावे असे मला सुचलेही नाही. सिलिंडरवर १५.६ किलो छापले आहे आणि काट्यावर १७.१ आले, म्हणजे आत दीड किलो गॅस आहे. थंड बर्नर काढून पाहिला तर वरच्या टोपीच्या निम्म्याहून अधिक भोकांत वाळलेले पिठले होते. सुईने भोके मोकळी करून टोपी धुतली, पुसून कोरडी केली आणि बसवली, तेव्हा ज्योत पहिल्यासारखी निळी आणि उंच आली. आज सोलापूरच्या पद्धतीने भाकरी फोडणीला टाकली. धाकट्याने दोनदा मागून घेतली, थोरल्याने कांदे वेचून बाजूला ठेवले. डाळ भिजत घालतो आहे, उद्या वरणफळे.

सोलापुरी_कडक (८.५२)
चकोल्या.

रिकामा_डबा (८.५५)
ताक मात्र अर्धा तांब्या उरले आहे आणि उद्यापर्यंत आणखी आंबट होईल. त्याचे काय करावे?

वऱ्हाडी_ठसका (८.५६)
उकडपेंडी करावी, हे मी ७.४० लाच सांगितले होते.