अनुभव धागा : लहानग्या जिवाला सोडवायचं कधी ठरवलंत?

गाय आजारी पडली तर डॉक्टर गोठ्यात येतो, शेजारीपाजारी जमतात, चार सल्ले मिळतात. ससा, मांजर, लव्हबर्ड किंवा पांढरा उंदीर मरणाला टेकला की आपल्याकडे बहुतेक घरांत त्याला इंजेक्शन देऊन सोडवायचा निर्णय कोणीच घेत नाही. 'जाईल त्याच्या वेळेनं' म्हणायचं आणि टोपलीवर पोतं टाकायचं. आमच्या घरी सध्या हाच प्रश्न आहे, म्हणून विचारते. तुम्ही कशावरून ठरवलं, कोणी केलं, घरचे काय म्हणाले, ते लिहा. घरगुती उपाय आणि औषधांचे डोस मात्र इथं नकोत.

दर्यापूरहून

आमचा ससा. सशाचे दात जन्मभर वाढतात, हे आम्हाला त्याच्या आजारपणातच कळलं. दाढ वाकडी वाढून मुळाशी गळू झालं होतं. सशाचा पू पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे चिरा दिला तरी वाहून जात नाही. तालुक्याचे डॉक्टर सरळ म्हणाले, "माझा हात गाई-म्हशींवर बसलेला आहे. याला अकोल्याला न्या." एवढं स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटला हे आमचं नशीबच.

अकोल्यात एक्स-रे काढला. जबड्याचं हाड पोखरलेलं होतं. ऑपरेशन करता येईल, पण पुन्हा होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी मला आजार बाजूला ठेवून चार साध्या गोष्टी विचारल्या. स्वतःहून खातो का? अंग चाटून साफ ठेवतो का? लेंड्या पडतात का? तुम्ही आलात की पुढं येतो का? चारही उत्तरं 'नाही' होती. कोपऱ्यात पाठ वर काढून बसायचा आणि दात करकर वाजवायचा. आम्हाला वाटायचं काहीतरी चावतोय. ते दुखण्याचं लक्षण होतं. ससा ओरडत नाही, लपवतो. शिकार होणाऱ्या जनावराची जातच ती.

इंजेक्शन एक नव्हतं, दोन होती. पहिलं मांडीत, गुंगीचं. तो माझ्या ओढणीवर सैल पडला. मग कानाच्या कडेचे केस काढले, आतली शीर निळी दिसायला लागली, त्यात दुसरं दिलं. डोळे उघडेच राहिले. तसं होतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी घाबरले असते. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय आहे. नवऱ्यानं सांगितलं. त्यानं सामानाचं तिकीट फाडलं नाही.

आर्णीकडून

आमच्या बोक्याचं सांगतो. ट्रॅक्टरखाली आला, कमरेखालचं सारंच गेलं. मागचे पाय ओढत चुलीमागं जाऊन बसे. शेजारचे काका म्हणे, "काहून त्याचा जीव टांगून ठेवला? कपाशीवरचं औषध हाये ना घरात, दुधात दे थोडं, सुटते बिचारं." म्या म्हटलं, काका, 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं कशी मेली ते पाह्यलं ना तुमी? तोंडाले फेस, अंगाले झटके, छातीत श्वास कोंडते. याले सुटणं म्हणत नाही. काका गप्प बसले. डॉक्टरसाहेब सांजच्याले मोटरसायकलवर आले, पयले भूल देली, मंग दुसरं. बस, तेवढंच.

वर्ध्याहून

आमच्या घरी गिनीपिगच्या पोटात गाठ होती आणि अडसर आईचा होता. "पाप कोणाच्या माथी?" एवढंच ती म्हणायची. मामा जुने सर्वोदयी. त्यांनी तिला गांधीजींच्या वासराची गोष्ट सांगितली. वाचण्याची आशा नसलेलं, तळमळणारं वासरू बापूंनी डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन सोडवलं. टीकेची पत्रं आली तेव्हा 'नवजीवन'मधून उघड उत्तरही दिलं. (मामा ही गोष्ट सेवाग्रामची म्हणून सांगतात. ती साबरमतीची, 1928 सालची. सेवाग्रामला गांधी 1936 मध्ये आले.) आई म्हणाली, "त्यांनी डॉक्टर आणला होता ना? मग तूही डॉक्टरच आण. कंपाउंडर नको."

ब्रह्मपुरीहून

वेगळं मत मांडते. आमच्या म्हाताऱ्या मांजरीची किडनी गेली होती. आम्ही इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टर कातडीखाली सलाईन आणि मळमळीवर औषध देत होते. ती थोडं खायची, ऊन सरकलं की आपणहून जागा बदलायची. घरीच गेली. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली असती तर मीही थांबले नसते. पण 'आजार बरा होणार नाही' आणि 'आज यातना होतायत' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि लोक पहिलं ऐकूनच गाडी काढतात.

तुमसरहून

लेकाचा हॅमस्टर डिसेंबरात सकाळी गार, कडक. मी फावडं घेऊन निघालो. लेक सोडेना, हातात धरून शेकत बसला. तासाभरानं मिशा हलल्या! थंडीत ते असे निपचित पडतात म्हणे. याचं इथं काय काम ते ठाऊक नाही, पण लिहिलं.

निवृत्त पशुवैद्यक, अमरावती जिल्हा

तुमसरकरांचं काम आहे इथं. हॅमस्टर थंडीत पडला तर आधी ऊब द्या.

बाकी सगळ्यांसाठी : जाण्याआधी फोन करा. आवश्यक भुलीचं औषध प्रत्येक दवाखान्यात असतंच असं नाही, आणि लहान सरकारी दवाखान्यात डॉक्टर भेटेलच असंही नाही. उंदीर, हॅमस्टर यांची शीर सहज सापडत नाही, तेव्हा गुंगी देऊन पोटात इंजेक्शन देतात. त्याला काही मिनिटं जास्त लागतात, घाबरू नका. शुद्धीवर असलेल्या जनावराच्या हृदयात कोणी सुई घालू पाहत असेल तर हात धरा. स्ट्रिक्निन हृदयात टोचून मारणं ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं क्रूरताच आहे. दुखतंय म्हणून मांजराला क्रोसिन देऊ नका, पॅरासिटामॉल तिला विष आहे.

आणि पुरताना खड्डा खोल घ्या, वर दगड ठेवा. भुलीचं औषध शरीरात राहतं. कुत्र्यानं उकरून खाल्लं तर त्यालाही बाधतं.