अनुभव धागा : दोन भाषांच्या बांधावरची भांडणं

खटपट्या (धागाकर्ता)

अलीकडचं शेत ठीक, पलीकडचंही ठीक, पण बांध कुणी कोरला ते कळत नाही. पायथनमधून सी, जावातून सी++, व्हीबीतून (व्हिज्युअल बेसिक) कुणाचीतरी डीएलएल (विंडोजवरची तयार लायब्ररी)… एका भाषेतून दुसरीतलं फंक्शन कॉल करताना ज्याला फटका बसला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. तुमचे अनुभव लिहा. 'आधी डॉक्युमेंटेशन वाचावं' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे एक जुनी सी लायब्ररी आहे. ती सीटाइप्स (सीची फंक्शन्स बोलावणारं पायथनचं मॉड्यूल) वापरून पायथनमधून चालवायची होती. एक फंक्शन फाइल वाचून बफर (मेमरीतली जागा) तयार करतं आणि त्याचा पत्ता परत देतं, तो पत्ता दुसऱ्या फंक्शनच्या हाती द्यायचा, बस. दहा ओळींचं काम. छोट्या फाइली झकास चालल्या, डेमो झाला, पाठ थोपटून घेतली. सोमवारी गिऱ्हाइकाने मोठी फाइल दिली आणि सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्रॅम बंद. ट्रेसबॅक (कुठल्या ओळीवर पडलं त्याचा माग) नाही, एरर नाही, प्रोसेसच (चालू प्रोग्रॅम) गायब.

तीन रात्री मी त्या फाइलमध्येच खोट शोधत बसलो. शेवटी वैतागून तो पत्ता दोन्हीकडे हेक्समध्ये (१६च्या पायाच्या आकड्यांत) छापला. सीमधून ०x७एफ वगैरेने सुरू होणारा १२ अंकी पत्ता निघत होता आणि पायथनमध्ये पोचेपर्यंत त्याचे पुढचे चार अंक गळालेले असत. परतीचा प्रकार सांगितला नाही तर सीटाइप्स तो इंट (सीचा पूर्णांक) धरतं, म्हणजे ३२ बिट. पत्ता ६४ बिटांचा.

मग छोट्या फाइली चालल्या कशा? हे कळलं तेव्हा हसावं की रडावं तेच कळेना. मलॉककडे (सीचं मेमरी देणारं फंक्शन) थोडी जागा मागितली तर तो ती हीपमधून (प्रोग्रॅमचा मेमरीचा साठा) देतो, आणि त्या सर्व्हरवरचं जुनं पायथन असं बांधलेलं होतं की हीपचे पत्ते खालच्या अंगाला, ३२ बिटांत मावणारे. मागणी १२८ केबीच्या वर गेली की ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) साधारणपणे एममॅप करून, म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेऊन, पार दुसऱ्या टोकाला जागा देते. म्हणजे माझा कोड पहिल्या दिवसापासून चूकच होता, फक्त चुकीला पुरेशी मोठी फाइल मिळाली नव्हती. रेसटाइप (परतीचा प्रकार) आणि आर्गटाइप्सच्या (आर्ग्युमेंट्सचे, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमतींचे प्रकार) दोन ओळी लिहिल्या आणि झोपलो.

जुनंखोड

छान धागा. मी निवृत्त आहे, त्यामुळे माझा अनुभव फोर्ट्रानचा. नव्वदीच्या दशकात आमचा इमारतींच्या सांगाड्यांचं गणित करणारा फोर्ट्रान प्रोग्रॅम होता आणि त्याला सीमधून नवा तोंडवळा द्यायचा होता. पहिला आठवडा लिंकरशी (कोडचे तुकडे एकत्र जोडणारा) भांडण्यात गेला, कारण आमचा कंपायलर प्रत्येक सबरुटीनच्या (फोर्ट्रानचं फंक्शन) नावामागे गुपचूप एक अंडरस्कोर चिकटवायचा. मग कळलं की फोर्ट्रानला आकडा नको, आकड्याचा पत्ता हवा. अक्षरमाला पाठवली तर तिची लांबी यादीच्या शेवटी छुप्या आर्ग्युमेंटने द्यावी लागते, हे त्यानंतर.

पण खरी फजिती मॅट्रिक्सने केली. सी ओळीमागून ओळ साठवते, फोर्ट्रान स्तंभामागून स्तंभ. म्हणजे सीमधून दिलेली मॅट्रिक्स पलीकडे आडवी-उभी उलटून पोचते. हे आमच्या लक्षातच आलं नाही, आणि दीड वर्षं सगळी उत्तरं बरोबर येत होती! कारण सांगाड्याची स्टिफनेस मॅट्रिक्स सममित असते. उलटा नाहीतर सुलटा, तीच. पुढे एकाने तोच सॉल्व्हर पाण्याच्या प्रवाहाच्या गणिताला लावला, तिथली मॅट्रिक्स सममित नव्हती, आणि पाणी चढावर वाहू लागलं. त्या मुलाने महिनाभर स्वतःची समीकरणं तपासली बिचाऱ्याने. दोष माझा होता.

फोर्ट्रान २००३ मध्ये सीशी जोडण्याची प्रमाण पद्धत आली आणि अंडरस्कोरचे हाल संपले. आडवं-उभं मात्र अजून तुमचं तुम्हीच सांभाळायचं.

काटेकोर

जुनंखोड, पाणी चढावर! __/\__

माझं व्हीबी ६. साखर कारखान्याचा वजनकाटा. काट्याच्या उत्पादकाने एक डीएलएल दिलेली, तिच्यातलं फंक्शन कॉल केलं की वजन मिळतं. मी रुजू झालो तेव्हा तक्रार अशी होती की अधूनमधून लागोपाठच्या दोन गाड्यांचं वजन किलोपर्यंत तंतोतंत सारखं येतं. ऊस असा मोजून कोण भरतो? शेतकऱ्यांना वाटत होतं काटा मारतात.

कोड उघडला तर कॉलच्या वरच 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (एरर आली तरी पुढच्या ओळीवर चला). माझ्या आधीच्या माणसाने एररचं तोंड दाबून ठेवलेलं. ती ओळ काढून आयडीईत (कोड लिहून तपासायचा प्रोग्रॅम) चालवलं तर पहिल्याच कॉलला एरर ४९, 'बॅड डीएलएल कॉलिंग कन्व्हेन्शन'. गंमत म्हणजे वजन बरोबर आलेलं असायचं, एरर त्यानंतर.

प्रकार असा. फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंट्स स्टॅकवर (मेमरीतला तात्पुरता ढीग) ठेवतात. काम झाल्यावर ती उचलायची कुणी? व्हीबी म्हणतं, ज्याला बोलावलं त्याने (एसटीडीकॉल). त्या डीएलएलचं म्हणणं, ज्याने बोलावलं त्याने (सीडेक्ल). जेवणं झाली आणि खरकटं तसंच. एरर ४९ म्हणजे तेच खरकटं. पण ते दिसू नये म्हणून लावलेल्या त्या एका ओळीने खरे एररही गिळले. सिरियल पोर्ट क्षणभर अडखळला की फंक्शन फसायचं, व्हेरिएबलमध्ये आधीच्या गाडीचं वजन तसंच पडून असायचं आणि तेच पावतीवर छापलं जायचं.

मी सीमध्ये पन्नासेक ओळींची मधली डीएलएल लिहिली. आतून सीडेक्लने बोलायचं, बाहेर एसटीडीकॉलने. वजन इंटीजरमध्ये होतं तेही लाँग (मोठ्या आकड्यांचा प्रकार) केलं, कारण व्हीबीचा इंटीजर १६ बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे मोजत नाही. भरलेल्या ट्रकला तेवढे किलो सहज होतात.

श्टुटगार्टकर

छोटासा. आमच्याकडे जर्मनीत दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम. पायथन प्रोग्रॅममध्ये खिडक्या काढणारी लायब्ररी सुरू होताना सेटलोकेल करते, म्हणजे आकडे लिहायची त्या देशाची पद्धत लावते, ते अख्ख्या प्रोसेसला लागू होतं, आणि त्याच प्रोसेसमधली सी लायब्ररी एटूएफने (मजकुराचा आकडा करणारं सीचं फंक्शन) '०.७५' वाचते ते ० म्हणून, कारण टिंबाशी तिचं वाचन थांबतं. पायथनचं स्वतःचं फ्लोट (तेच काम करणारं) मात्र शाबूत, त्यामुळे संशय येत नाही. पुण्यातल्या टीमचं रोज तेच उत्तर : "आमच्याकडे चालतंय."

पाटीपेन्सिल

'आमच्याकडे चालतंय'वरून आठवलं.

अँड्रॉइड ॲप, आतला गाभा सी++चा, मध्ये जेएनआय (जावा आणि सी++ला जोडणारा दुवा). गाभा पुस्तकाचं नाव ३२ बाइटच्या ॲरेत ठेवायचा आणि ते जेएनआयच्या न्यूस्ट्रिंगयूटीएफ फंक्शनने जावाकडे जायचं. परदेशातल्या टीमने ते वर्षभर तपासलं होतं. मी मराठी पुस्तकांची यादी घातली. 'ज्ञानेश्वर' नावाची नोंद दिसली. 'ज्ञानेश्वरी'ला ॲप आडवं.

वेलांटीने ॲप पडतं हे वरिष्ठांना फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न करून बघा.

मोजा : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा युनिकोड चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये (चिन्हं बाइटांत लिहायची पद्धत) प्रत्येकी ३ बाइट, एकूण ३०. शेवटच्या शून्यासह ३१, मावलं. वेलांटी आली की ३३. ३१व्या बाइटवर कात्री चालते, म्हणजे वेलांटीचा तीनातला एकच बाइट उरतो. असा तुटका बाइट पाहिला की जेएनआयची तपासणी 'हे वैध मॉडिफाइड यूटीएफ-८ नाही' म्हणून सबंध ॲपच बंद पाडते. रोमनमध्ये 'ज्ञानेश्वरी' १२ बाइटांत संपते, मग त्यांना कधी दिसणार? ॲरे मोठा करून भागणार नव्हतं. मी कापण्याची जागाच चिन्हाच्या सीमेवर मागे आणली.

अर्धाकप

सीटाइप्सवाल्यांसाठी : सीला कॉलबॅक (सीने नंतर बोलवायचं फंक्शन) म्हणून पायथनचं फंक्शन देत असाल तर ते गुंडाळणारा सीफंकटाइपचा ऑब्जेक्ट एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. सीकडे त्याचा पत्ता आहे हे पायथनच्या गावीही नसतं. कुणी वापरत नाही असं समजून ते त्याला काढून टाकतं आणि सी मग रिकाम्या घराची कडी वाजवते. माझं पाचेक मिनिटं व्यवस्थित चालून पडायचं, म्हणून मी टायमरला शिव्या घालत होतो.

सरळमार्गी

हे सगळं वाचून एकच प्रश्न. एकाच प्रोसेसमध्ये दोन भाषा कोंबायच्याच कशाला? दुसरा प्रोग्रॅम वेगळा चालवा, पाइपमधून (दोन प्रोग्रॅममधली नळी) जेसन (मजकुराच्या रूपातली माहिती) पाठवा. पडला तर तो एकटा पडेल.

खटपट्या

सरळमार्गी, हिशेबाच्या चार आकड्यांसाठी मान्य, मी स्वतः तेच करतो. पण व्हिडिओची एक फ्रेम १९२० x १०८०, पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे ६० लाखांवर बाइट. सेकंदाला २५ फ्रेम. जेसन करा त्याचं.

फ्रेमबाज

उलटाही गाढवपणा होतो, मी केलाय. पायथन हळू म्हणून एका पिक्सेलचं गणित सीमध्ये नेलं आणि लूप पायथनमध्येच ठेवला. फ्रेममागे वीस लाखांवर कॉल. प्रत्येक कॉलला आकडा सीच्या रूपात घडवा, परत आला की पायथनचा करा. गणित दोन-चार सूचनांचं आणि टोल त्याच्या कित्येक पट. आधीपेक्षाही हळू झालं! सबंध ॲरेचा पत्ता एकदाच दिला आणि लूप पलीकडे नेला तेव्हा कुठे उजेड पडला.

काटेकोर

जुनंखोड, फोर्ट्रानमध्ये १ ची किंमत बदलता यायची म्हणे, खरं का?

जुनंखोड

खरं. सगळ्या नाही, पण आमच्या जुन्या कंपायलरवर हमखास. मगाशी सांगितलं ना, फोर्ट्रानला पत्ता जातो. तुम्ही १० असा आकडा लिहून सबरुटीनला दिलात तरी तो मेमरीत कुठेतरी ठेवून त्याचाच पत्ता जायचा, आणि प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे १० लिहिलंय तिथे ती एकच जागा वापरली जायची. आजकाल ती जागा सहसा फक्त वाचण्यापुरती असते, लिहायला गेलात तर प्रोग्रॅम तिथेच पडतो.

आमच्याकडे सीमध्ये वाढलेला एक मुलगा आला. सीमध्ये आर्ग्युमेंटची नक्कल मिळते, त्यामुळे ती वाटेल तशी खर्च करायची त्याला सवय. त्याने तसंच सबरुटीन लिहिलं : आलेला आकडा एकेकाने कमी करत शून्यापर्यंत न्यायचा. मी ते १० देऊन कॉल केलं. त्यानंतर त्या प्रोग्रॅममध्ये १० म्हणजे ०. पुढे चार ओळींवर त्याच १० ने भागाकार होता.